‘फॅन फिरत नाही, म्हणजे मोटर जळाली’ : एका उन्हाळी सल्ल्याचा प्रतिवाद

मार्च उजाडला की जुनी गाडी बाळगणाऱ्यांच्या मोबाइलवर एक सल्ला फिरू लागतो. त्याचा सारांश असा : गाडी तापते आणि रेडिएटरचा फॅन फिरत नाही, याचा अर्थ मोटर जळाली; मोटर बॅटरीला थेट लावून पाहा, फिरली तर ती ठणठणीत, नाही तर नवी घ्या; कायमची कटकट मिटवायची असेल तर फॅन ‘डायरेक्ट’ करून घ्या आणि थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) काढून टाका; तापमानाचा काटा मधोमध आहे तोवर निर्धास्त राहा, आणि हायवेवर तर फॅन लागतच नाही. सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला असेलही, पण त्यातली बहुतेक विधाने अर्धवट आहेत आणि दोन तर सरळसरळ नुकसान करणारी आहेत.

आधी एक खुलासा. अ‍ॅम्बॅसॅडर किंवा पद्मिनी यांचा फॅन बेल्टवर चालतो. इंजिन सुरू म्हणजे फॅन सुरू, तिथे हा प्रश्नच उद्भवत नाही. मारुती ८००, झेन, सँट्रो अशा गाड्यांत इंजिन आडवे बसवलेले असल्यामुळे रेडिएटरसमोर क्रँकचे (इंजिनच्या फिरत्या दांड्याचे) टोक येत नाही, म्हणून फॅनला स्वतंत्र विजेची मोटर द्यावी लागते आणि ती गरजेपुरतीच चालू-बंद करावी लागते. पुढचे सर्व विवेचन या दुसऱ्या प्रकारच्या गाड्यांविषयी आहे.

पहिले विधान मोटर जळाल्याचे. फॅन फिरण्यासाठी फ्यूज शाबूत हवा, रिलेने (लहान करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट जोडणाऱ्या स्विचने) संपर्क जोडायला हवा, तापमानावर चालणाऱ्या फॅन स्विचने किंवा इसीएमने (इंजिनच्या संगणकाने) आज्ञा द्यायला हवी, कपलर (वायरींचे जोड) आणि अर्थ (गाडीच्या सांगाड्याला जोडलेली परतीची वायर) स्वच्छ हवेत, आणि या सगळ्यानंतर मोटर चांगली हवी. पाच-सहा जागांपैकी कुठेही खंड पडला तरी बाहेरून दिसणारे लक्षण एकच असते. कार्बुरेटरच्या जुन्या गाड्यांत शोध घेणे अगदी सोपे आहे. रेडिएटरच्या टाकीत किंवा थर्मोस्टॅटच्या घराजवळ बसवलेल्या दोन टोकांच्या फॅन स्विचचा कपलर काढावा, इग्निशन चालू करावे आणि कपलरमधली दोन टोके वायरच्या तुकड्याने जोडावीत. फॅन लगेच फिरला तर मोटर, फ्यूज, रिले आणि वायरिंग या सर्वांची एका फटक्यात परीक्षा झाली; आता संशय उरला तो स्विचवर किंवा स्विचपर्यंत न पोचणाऱ्या उष्णतेवर. एमपीएफआय (इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या) गाड्यांत मात्र असे करू नये, कारण तिथे बहुधा साध्या स्विचऐवजी सेन्सर असतो. त्या गाड्यांत एसी लावून पाहावा. एकच फॅन असलेल्या गाडीत एसीबरोबर तो फिरला, तर मोटर जळालेली नाही. दोन फॅन असतील तर फिरला तो कोणता, हे वाकून पाहावे लागते.

स्विचपर्यंत न पोचणारी उष्णता, हा मुद्दा या सल्ल्याच्या कर्त्यांनी पूर्ण वगळला आहे, आणि माझ्या मते खरी गोम तिथेच आहे. कुलंटची (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची) पातळी खाली गेलेली असेल, कुलंट बदलताना आत हवा अडकलेली असेल किंवा थर्मोस्टॅट बंद अवस्थेत चिकटलेला असेल, तर इंजिन उकळत असते आणि रेडिएटरमधल्या स्विचभोवती मात्र कोमट पाणी किंवा नुसती वाफ असते. अशा वेळी स्विच लागत नाही तो त्याचा दोष नव्हे. इंजिन तापलेले असताना रेडिएटरचा वरचा होज पाइप फडक्याआडून चाचपावा. काटा वर आणि पाइप गार असेल, तर नवी मोटर घालून काहीही साधणार नाही.

स्विचची परीक्षा स्वयंपाकघरातही होते. पुष्कळ स्विचच्या अंगावर ‘९५-९०’ अशासारखे आकडे ठोकलेले असतात; म्हणजे ९५ अंशांना जोडणे आणि ९० अंशांना तोडणे. स्विचचे फक्त पितळी टोक पाण्यात बुडेल असा धरून, दुसऱ्या टोकांना मल्टीमीटर लावून पाणी तापवत जावे आणि थर्मामीटरवर नजर ठेवावी. पुण्याच्या उंचीवर पाणी सुमारे ९८ अंशांना उकळते, त्यामुळे तिथे ही चाचणी निभते. महाबळेश्वरला ते साडेपंच्याण्णवच्या आसपास उकळत असल्याने ९५ चा चांगला स्विचही तिथे नापास ठरू शकेल.

दुसरे विधान असे की, बॅटरीला थेट लावल्यावर मोटर फिरली म्हणजे ती ठणठणीत. येथे उलट बाजूची चूक आहे. थेट बॅटरीवर न फिरलेली मोटर खराब, हे मान्य. पण फिरलेली मोटर चांगलीच, असे त्यावरून ठरत नाही. झिजलेले कार्बन (आतल्या फिरत्या भागाला वीज देणारे ब्रश) असलेली मोटर गार असताना फिरते आणि इंजिनच्या धगीत तासभर शेकल्यावर अडते. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने तिच्या पाठीवर टिचकी मारल्यावर ती सुरू झाली, तर कार्बन संपले असे समजावे. बुश (मोटरचा दांडा ज्यांत फिरतो त्या कड्या) सुकले असतील तर बॅटरीची तार काढून हाताने पाते फिरवताना खरखर जाणवते, आणि पाते एक झटका देऊन सोडल्यावर दोन-तीन फेरे न घेता जागीच थांबते. अशी मोटर जास्त करंट ओढते, फ्यूज वारंवार उडतो, आणि मग कोणीतरी १५ च्या जागी ३० अँपिअरचा फ्यूज घालतो. त्यानंतर जे जळते ते वायरिंग असते.

याहून फसवा प्रकार संथ फिरणाऱ्या फॅनचा. मालकाला पाती फिरताना दिसतात, म्हणून तो निश्चिंत असतो. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १४ व्होल्ट असतात. फॅन फिरत असतानाच त्याच्या कपलरच्या दोन टोकांवर मोजले आणि १० व्होल्ट भरले, तर उरलेले चार व्होल्ट वाटेतल्या गंजलेल्या अर्थमध्ये किंवा काळवंडलेल्या कपलरमध्ये खर्ची पडत आहेत. ही मोजणी कपलर काढून करू नये, कारण एकच धागा शाबूत उरलेल्या तारेतूनही मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवतो. भार आल्यावरच खरे रूप उघड होते. कोकणात आणि गोव्यात खाऱ्या हवेमुळे कपलरच्या टोकांवर हिरवट थर चढतो, तेव्हा तिथल्या गाड्यांत मोटरवर शंका घेण्याआधी कपलर उघडून पाहणे शहाणपणाचे. मोटर नुकतीच बदललेली असेल, तर आणखी एक गोष्ट तपासावी : दोन वायरींची अदलाबदल झाली की डीसी मोटर उलटी फिरते आणि आतून येणारा वारा समोरून येणाऱ्या वाऱ्याशी भांडतो. फॅन रेडिएटरच्या मागे असेल तर चालू फॅनसमोर, ग्रिलच्या बाजूने, कागद धरावा. तो रेडिएटरकडे ओढला गेला पाहिजे.

काट्याविषयीच्या विधानाचा निकाल लवकर लागतो. बऱ्याच जुन्या गाड्यांत काट्याचा सेंडर (त्याला तापमान कळवणारा भाग) वेगळा आणि फॅनचा स्विच वेगळा असतो, त्यामुळे एक बरोबर म्हणजे दुसरा बरोबर असे होत नाही. शिवाय सेंडर पाण्यात बुडालेला नसेल, तर इंजिन कोरडे पडत असतानाही काटा शांतपणे खाली बसलेला राहतो.

आता फॅन डायरेक्ट करण्याची शिफारस. गॅरेजमध्ये ती लोकप्रिय का आहे हे समजते. पंधरा मिनिटांचे काम, ग्राहक खूश, आणि मूळ दोष शोधण्याची दगदग नाही. परंतु फॅनची मोटर साधारण ७ ते १२ अँपिअर ओढते आणि सुरू होतानाच्या क्षणी त्याच्या काही पट. हा भार इग्निशनच्या वायरीवर टाकला, तर जो करंट रिलेच्या जाड संपर्कातून जायचा तो किल्लीच्या लहानशा स्विचमधून जातो, आणि काही महिन्यांनी किल्ली फिरवूनही गाडीला वीज मिळेनाशी होते. डॅशबोर्डखाली वेगळे बटण बसवले, तर भिस्त चालकाच्या स्मरणशक्तीवर येते. गाडी बंद करताना बटण विसरले की सकाळी बॅटरी बसलेली, आणि ट्रॅफिकमध्ये विसरले की हेड गॅस्केट (इंजिनच्या माथ्याखालची सील) गेलेले. रात्री घरापर्यंत पोचण्यासाठी, फ्यूजसह जोडलेली तात्पुरती वायर मला मान्य आहे. कायमचा उपाय म्हणून ती मान्य नाही, कारण ज्या स्विचची किंवा रिलेची बदली करायची ते सुटे भाग नव्या मोटरपेक्षा बहुधा स्वस्तच असतात.

थर्मोस्टॅट काढण्याची सूचना याहून घातक आहे. साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडणारा हा व्हॉल्व्ह इंजिनला लवकर कामाच्या तापमानावर आणतो. तो नसेल तर इंजिन बराच वेळ गार चालते, एमपीएफआय गाडीत इसीएम मिश्रण घट्ट (जास्त पेट्रोलचे) ठेवत राहतो, पेट्रोल वाढते आणि ऑइलमधला ओलावा उडून जात नाही. विचित्र भाग पुढे आहे. ज्या इंजिनांत थर्मोस्टॅटचे दुसरे टोक उघडताना बायपासची वाट बंद करते, तिथे तो काढल्यावर बायपास कायमचा उघडा राहतो, गरम कुलंटचा काही हिस्सा रेडिएटर टाळून पुन्हा इंजिनात शिरतो, आणि घाटात गाडी पूर्वीपेक्षा अधिक तापते. मग दोष पुन्हा फॅनच्या माथी येतो.

शेवटचे विधान हायवेचे, आणि त्यात निम्मे तथ्य आहे. ताशी ६०-७० किलोमीटरच्या वेगाने समोरून येणारा वारा फॅनपेक्षा जास्त काम करतो. म्हणूनच सरळ रस्त्यावर वेगात असताना गाडी तापत असेल, तर फॅन सोडून तुंबलेला रेडिएटर, सैल बेल्ट, वॉटर पंप किंवा रेडिएटरची कॅप पाहावी. आणि सिग्नलला तापून वेग घेतल्यावर निवत असेल, तर फॅनकडे वळावे. निदानाच्या दृष्टीने इतका उपयुक्त फरक दुसरा नाही. पण पुण्याहून मुंबईला किंवा साताऱ्याला जाणारे बहुतेक रस्ते कुठे ना कुठे घाटाला भिडतात. खंबाटकीसारखा घाट चढताना ट्रकमागे दुसऱ्या गियरमध्ये रांगणाऱ्या गाडीवर भार पूर्ण असतो आणि वारा जवळपास नसतो. तिथे फॅन बंद आढळला तर एसी बंद करून हीटर आणि ब्लोअर पूर्ण लावावा, जेणेकरून हीटरचा छोटा रेडिएटर थोडी उष्णता केबिनमध्ये काढून घेईल. तरीही काटा चढत राहिला तर सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करावे, पाती अचानक फिरू शकतात म्हणून हात दूर ठेवावा, आणि वरचा होज पाइप हाताला सोसवेल इतका निवेपर्यंत कॅपला हात लावू नये. दाबाखालचे ते पाणी १०० अंशांच्या वर असते आणि कॅप सैल होताच एकदम उसळते.