विनोद कांबळी ‘वाया गेला’ म्हणणाऱ्यांना

दोन फोटो शेजारी शेजारी लावलेली ती पोस्ट एव्हाना बहुतेकांच्या फोनवर येऊन गेली असेल. एका फोटोत मुंबईच्या शारदाश्रम शाळेची दोन क्रिकेट खेळणारी पोरं धावफलकासमोर उभी. दुसरा डिसेंबर २०२४ मधला, शिवाजी पार्कवर दोघांचे क्रिकेटगुरू आचरेकर सर यांच्या स्मारकाच्या कार्यक्रमातला: खुर्चीत बसलेला विनोद कांबळी आणि त्याला भेटायला आलेला सचिन. खालचा मजकूर साधारण असा असतो. दोघे एकाच गुरूचे चेले, दोघांची सुरुवात सारखीच, उलट कांबळी सचिनपेक्षा गुणवान. पण प्रसिद्धी डोक्यात गेली, शिस्त नव्हती, नाद लागले आणि वाया गेला. मग मोठ्या अक्षरांत तात्पर्य, की माणूस मोठा होतो तो गुणवत्तेने नाही, शिस्तीने.

मला ही पोस्ट मनापासून खटकते. पालकांच्या ग्रुपवर, क्लासेसच्या भाषणांत, कंपन्यांच्या ट्रेनिंगमध्ये ती इतक्यांदा फिरली आहे की आता ती इतिहास म्हणून सांगितली जाते. म्हणून तिच्यातला एकेक दावा घेऊन बोलायचं आहे.

कांबळी सचिनपेक्षा गुणवान होता

याचा पुरावा म्हणून हमखास पुढे केली जाते ती फेब्रुवारी १९८८ ची, हॅरिस शील्ड या मुंबईच्या शालेय स्पर्धेतली उपांत्य लढत. आझाद मैदान, समोर सेंट झेवियर्स, तिसऱ्या विकेटसाठी ६६४ धावांची अखंड भागीदारी. सचिन नाबाद ३२६, कांबळी नाबाद ३४९. शारदाश्रमने २ बाद ७४८ वर डाव सोडला आणि मग याच कांबळीने ३७ धावांत ६ बळी घेतले. डाव सोडण्याचे इशारे बाहेरून होत होते आणि ही दोघं तिकडे बघायचंच टाळत होती, शेवटी सरांचा निरोप आला तेव्हा कांबळी साडेतीनशेसाठी एक धाव घेऊ द्या म्हणून गयावया करत होता, हे मुंबईच्या मैदानांवर सगळ्यांना पाठ आहे.

आता ३४९ मोठे की ३२६? कांबळीचा जन्म जानेवारी १९७२ चा, सचिनचा एप्रिल १९७३ चा. म्हणजे त्या दिवशी एक सोळा पूर्ण केलेला आणि दुसरा अजून पंधरा व्हायचा होता. शालेय क्रिकेटमध्ये सव्वा वर्षाचं अंतर किती असतं, ते मुलांना नेटमध्ये बघणाऱ्या कुठल्याही कोचला विचारा. त्याच वर्षाच्या डिसेंबरात सचिनने रणजी पदार्पणात गुजरातविरुद्ध नाबाद शतक ठोकलं. कांबळीनेही पुढच्या मोसमात रणजीतल्या पहिल्याच चेंडूवर षटकार मारला, पण एका षटकाराने तराजू झुकत नाही.

कांबळी अफाट होता यात वाद नाही. १९९४ मध्ये शारजात ऑस्ट्रेलियाचा फिरकीपटू शेन वॉर्नच्या एका षटकात त्याने २२ धावा कुटल्या होत्या. पुढे सरसावणारे ते पाय आणि बॅटचा तो मोकळा झोका ज्यांनी बघितली ते अजून विसरलेले नाहीत. पण ‘सचिनपेक्षा गुणवान’ हे वाक्य पोस्टवाल्यांना हवं असतं ते वेगळ्या कामासाठी. त्याला आधी जितकं उंच चढवावं तितकं त्याचं पडणं मोठं दिसतं. शिवाय त्यात सचिनवरही अन्याय आहे. जणू त्याच्याकडे नुसती मेहनतच होती.

दोघांची सुरुवात सारखी होती

गुरू एक, शाळा एक, मैदान एक. इतकंच सारखं. कांबळी कांजुरमार्गच्या वस्तीतून यायचा, पाठीवर किट टाकून, लोकलने. सचिनचं घर वांद्र्याच्या साहित्य सहवासात, वडील मराठीचे प्राध्यापक, आणि येण्याजाण्यात वेळ जाऊ नये म्हणून त्याची सोय शिवाजी पार्कला काका-काकूंकडे झाली. हात धरून सरांकडे नेणारा अजितसारखा मोठा भाऊ त्याला होता. यात सचिनचा काही दोष नाही, त्याच्या घरच्यांनी जे केलं ते कौतुकाचंच. पण सकाळी नेटवर पोहोचेपर्यंत ज्याची एक झुंज होऊन गेलेली असते आणि जो मैदानाच्या शेजारी उठतो, त्या दोघांची सुरुवात सारखी म्हणू नका.

प्रसिद्धी डोक्यात गेली आणि खेळ संपला

इथे मी जरा सविस्तर बोलणार आहे, कारण सगळा गोंधळ इथेच आहे.

कांबळीने पहिली कसोटी खेळली जानेवारी १९९३ मध्ये, इंग्लंडविरुद्ध ईडन गार्डन्सवर. १६ आणि नाबाद १८. चेन्नईत ५९. मग वानखेडेवर २२४. त्यापुढच्याच कसोटीत दिल्लीला झिम्बाब्वेविरुद्ध २२७. लागोपाठच्या दोन कसोटींत द्विशतक करणारा तो पहिला भारतीय, वय एकवीस. श्रीलंकेत १२५ आणि १२०. पुढच्या वर्षी श्रीलंका इकडे आली तेव्हा ८२ आणि ५७. चौदाव्या डावात त्याच्या हजार धावा पूर्ण झाल्या. त्याहून कमी डावांत हजार धावा करणारा भारतीय अजून व्हायचा आहे, यशस्वी जयस्वाललाही सोळा डाव लागले.

मग १९९४ च्या अखेरीस वेस्ट इंडिजचा संघ आला. त्यांचे वेगवान गोलंदाज वॉल्श आणि केनी बेंजामिन यांच्यासमोर तीन कसोटींतल्या सहा डावांत मिळून ६४ धावा, त्यात तीन भोपळे. ही मालिका वाईट गेली, त्यावर पांघरूण घालण्यात अर्थ नाही. पुढच्या वर्षी न्यूझीलंडविरुद्ध त्याला दोनदाच फलंदाजी मिळाली, २७ आणि २८. नोव्हेंबर १९९५ मधली कटकची कसोटी त्याची शेवटची ठरली. तेव्हा तो २३ वर्षांचा होता. १७ कसोटी, १०८४ धावा, सरासरी ५४.२०, चार शतकं.

म्हणजे ५४ ची सरासरी असलेला तेवीस वर्षांचा पोरगा एका वाईट मालिकेनंतर आणि दोन मध्यम डावांनंतर कसोटी संघाबाहेर गेला आणि परत कधी आलाच नाही. १९९६ च्या इंग्लंड दौऱ्यात तो नव्हता. त्या दौऱ्यात लॉर्ड्सवर गांगुलीने १३१ आणि द्रविडने ९५ केल्या, वर्षअखेरीस लक्ष्मणही आला. सचिन आणि अझरुद्दीन होतेच. मधल्या फळीचं दार बंद झालं ते असं. यात कुणाचं कारस्थान शोधायची गरज नाही, पण हा क्रम वगळून ‘डोक्यात हवा गेली’ एवढंच सांगणं म्हणजे हिशेबातली अर्धी पानं फाडणं आहे.

तुलनेला श्रीलंकेचा मर्वन अटापट्टू घ्या. त्याचे कसोटीतले पहिले सहा डाव: शून्य, शून्य, शून्य, एक, शून्य, शून्य. श्रीलंकेने त्याला तरीही पुन्हा बोलावलं. पुढे त्याने सहा द्विशतकं केली. घरचंच उदाहरण हवं असेल तर खुद्द सचिनला एकदिवसीय सामन्यातलं पहिलं शतक करायला ७९ सामने लागले. तोवर कुणी त्याला बाहेर बसवलं नाही आणि ते योग्यच होतं. तसा धीर सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

आणि ‘खेळ संपला’ हे तर सरळसरळ खोटं आहे. कांबळी एकदिवसीय संघात आत-बाहेर होत २००० पर्यंत खेळला, १०४ सामने. १९९६ च्या विश्वचषकात कानपूरला झिम्बाब्वेविरुद्ध शतक त्याचंच. आठवड्याने ईडनवरची उपांत्य लढत. भारत १ बाद ९८ वरून ८ बाद १२०, प्रेक्षकांतून येणाऱ्या बाटल्या, स्टँडमध्ये पेटवलेले कागद आणि सामनाधिकारी क्लाइव्ह लॉइडनी श्रीलंकेला दिलेला सामना. समोर एकेक जण जात असताना कांबळी १० वर नाबाद राहिला होता. मैदानातून बाहेर पडताना तो ढसाढसा रडला. त्या रडण्याची पुढे टिंगल झाली. खेळाची फिकीर नसलेला माणूस तसा रडत नाही.

प्रथम श्रेणीत त्याच्या ९९६५ धावा आहेत, ३५ शतकं, सरासरी ५९.६७. भारतीय क्रिकेटमध्ये इतक्या धावा करून साठीच्या जवळ सरासरी राखणारे हाताच्या बोटांवर मोजता येतील. यातला बराच भाग संघाबाहेर काढल्यानंतरचा आहे. वाया गेलेला माणूस मुंबईच्या कॅपमध्ये वर्षानुवर्षं शतकं ठोकत बसत नाही.

शॉर्ट बॉल खेळता येत नव्हता

आखूड टप्प्याच्या उसळत्या चेंडूंवर वॉल्शने त्याला अडचणीत आणलं, हे खरं. पण १७ पैकी १३ कसोटी भारतात, ३ श्रीलंकेत आणि एकच न्यूझीलंडमध्ये. इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, वेस्ट इंडिज, यांपैकी कुठेही त्याला एकही कसोटी खेळायला मिळाली नाही. तिथे तो जमला असता की नसता, ते कुणीच ठामपणे सांगू शकत नाही.

शिस्त असती तर मोठा झाला असता

पोस्टचं तात्पर्य हेच, आणि मला सगळ्यात जास्त राग याच वाक्याचा येतो. कारण हे खरं मानलं तर शिस्तीने वागूनही ज्यांना काही मिळालं नाही, त्यांचं काय, याचं उत्तर द्यावं लागेल.

पद्माकर शिवलकर घ्या. मुंबईचे पॅडी. डावखुरी फिरकी, ५८९ प्रथम श्रेणी बळी, सरासरी २० च्या आत. १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात चेपॉकवर त्यांनी १६ धावांत ८ आणि १८ धावांत ५ बळी घेतले, तमिळनाडूचे डाव ८० आणि ६१ वर आटोपले. पन्नाशीला टेकेपर्यंत ते रणजी खेळले. शिस्त कमी पडली म्हणण्याची कुणाची हिंमत आहे? भारतासाठी एकही कसोटी नाही. त्या काळात संघात बिशनसिंग बेदी होते आणि त्याच पद्धतीचा दुसरा गोलंदाज घ्यायचा नव्हता, बास. हरयाणाच्या राजिंदर गोयल यांची गत तीच: रणजीत ६३७ बळी आणि कसोटी शून्य. मार्च २०२५ मध्ये शिवलकर गेले तेव्हा त्यांच्यावर अशी पोस्ट फिरली नाही. त्यांच्या आयुष्यातून क्लासवाल्यांना हवं ते तात्पर्य निघत नाही ना!

आणि आझाद मैदानावर ६६४ चालू असताना पॅड बांधून बसलेला तो तिसरा मुलगा, अमोल मुजुमदार. पुढचा नंबर त्याचा. विकेट पडलीच नाही आणि त्याची बॅटिंग आलीच नाही. सरांच्याच तालमीतला, तंत्राला पक्का, कधी कसल्या भानगडीत नाव नाही. रणजी पदार्पणात हरियाणाविरुद्ध २६०, तो तेव्हाचा विश्वविक्रम. प्रथम श्रेणीत ११,००० वर धावा, ३० शतकं, मुंबईला कर्णधार म्हणून रणजी जिंकून दिली. भारताची कॅप नाही. मधल्या फळीत जागा नव्हती, ज्या कारणाने कांबळी परतला नाही जवळपास त्याच कारणाने. एकाला बेशिस्त म्हणून हिणवायचं आणि दुसऱ्याला दुर्दैवी म्हणून हळहळायचं, असं कसं चालेल? नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईत भारताच्या महिला संघाने विश्वचषक जिंकला तेव्हा अमोल त्या संघाचा कोच होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण त्यामुळे फलंदाज म्हणून त्याला न मिळालेलं काही परत मिळालं, असं मी म्हणणार नाही.

दारूने घालवलं

दारूबद्दल कांबळी स्वतः मुलाखतींत बोलला आहे. त्याचं वागणं तेव्हाही सरळ रेषेतलं नव्हतं, हेही मान्य. पण आज दिसणारी त्याची अवस्था घेऊन ती १९९५ च्या निवडीचं कारण म्हणून चिकटवणं हा उलटा प्रवास आहे. तेवीसाव्या वर्षी काढून टाकलेल्या मुलाला सावरायला त्या वेळी काय होतं? बेंगळुरूची राष्ट्रीय अकादमी २००० मध्ये सुरू झाली. बाहेर गेलेल्या खेळाडूशी बोलायला, त्याच्या तंत्रावर आणि मनावर काम करायला नेमलेलं माणूस नव्हतं. कुणी घसरला तर तो आपल्या कर्माने घसरला, अशीच सगळ्यांची समजूत.

शिवाजी पार्कवरच्या त्या कार्यक्रमानंतर काही दिवसांतच कांबळी इस्पितळात होता. २०१३ मध्ये त्याला हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे. क्रिकेट मंडळाचं महिना तीस हजारांचं पेन्शन हाच आपला आधार आहे आणि मला काम हवं आहे, असं त्याने २०२२ मध्ये जाहीरपणे सांगितलं होतं. एका आजारी माणसाचा थरथरता हात दाखवून पोरांना धडे देणं मला अमानुष वाटतं.

गेल्या काही महिन्यांत त्याच मजकुरावर आता पृथ्वी शॉचा फोटो लावलेला दिसतो. पुन्हा हॅरिस शील्ड, या वेळी एका डावात ५४६ धावा, कसोटी पदार्पणात १३४ आणि मग तेच तात्पर्य. त्याच्या चुका उघड आहेत. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये महाराष्ट्राकडून खेळताना त्याने चंडीगडविरुद्ध १५६ चेंडूंत २२२ केल्या, वय तेव्हा पंचविशीत. त्या आठवड्यातही माझ्या फोनवर तो ‘संपला’ असल्याची पोस्ट येतच होती.