‘प्रौढांना गोष्टी नकोत, गुण हवेत’: एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याला धरून आहे. म्हणून आभाराच्या दोन ओळी खरडून मोकळी होत नाही, सविस्तर लिहिते.

मागच्या लेखात मी म्हटलं होतं की १७ नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून, दहावीला बसणाऱ्या मोठ्या माणसांना आधी स्वतः गणितं रचायला लावावीत, पुस्तकातली मागाहून द्यावीत. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: दिवसभर राबून आलेल्या माणसाकडे रात्री दीड तास असतो, तो सर्जनशीलतेच्या कौतुकात घालवणं ही त्याची फसवणूक आहे. अपेक्षित प्रश्नसंच द्या, मागचे पेपर सोडवून घ्या आणि पस्तीस मिळवून द्या. जाता जाता टोलाही हाणलात, ‘गुलाबी साड्यांचे फोटो छान येतात, निकाल येत नाहीत.’

आधी टोल्याचं बघू. रोख मुरबाड तालुक्यातल्या फांगण्याच्या आजीबाईंच्या शाळेकडे दिसतो, जिथे आज्या गुलाबी साड्या नेसून शिकायला बसतात. ती २०१६ च्या महिला दिनी सुरू झाली. तिथल्या आज्यांना कुठलाही बोर्डाचा पेपर द्यायचा नाही, तेव्हा त्यांच्याकडे निकाल मागण्यात काय हशील? माझ्या वर्गातल्यांना मात्र गुणपत्रिका हवीच असते, त्यामुळे मी तुमच्याच मैदानात उतरून बोलते.

आमच्याकडे एक ताई पोळीभाजी केंद्र चालवतात. फळ्यावर ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’ (चल म्हणजे शोधायची संख्या) एवढं वाचूनच त्यांनी वही मिटली. त्यांना म्हटलं, समीकरण राहू दे, तुमच्या गल्ल्यावरचं एक कोडं घाला आम्हाला. त्यांनी घातलं: चपाती ८ रुपयांना, भाकरी २० ला. दुपारपर्यंत दोन्ही मिळून ५० नग गेले, गल्ल्यात ६४० रुपये. तर भाकऱ्या किती गेल्या? बाकीचे वहीत डोकं खुपसून बसले. शेवटी ताईंनीच तोंडी सोडवून दाखवलं. ‘सगळ्या चपात्याच असत्या तर चारशे झाले असते. मग वरचे दोनशे चाळीस कुठनं आले? भाकरीमागं बारा जास्त. म्हणजे वीस भाकऱ्या!’

आता हेच पुस्तकातल्या रीतीने मांडा. चपात्या एक्स, भाकऱ्या वाय. एक्स + वाय = ५०. याला ८ ने गुणलं की ८ एक्स + ८ वाय = ४००. हे ८ एक्स + २० वाय = ६४० मधून वजा केलं की उरतं १२ वाय = २४०. ताईंचं एकेक वाक्य एकेका पायरीवर चपखल बसतं. एका चलाचा लोप करण्याची रीत त्या गल्ल्यावर बसून रोज वापरतात, फक्त तिला लोप म्हणतात हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. तुमच्या संचातली सोडवलेली पन्नास गणितं दिली असती तर हे मला कधी कळलंच नसतं, आणि ताईंनाही नाही. पुढे ‘समजा’पासून उत्तराच्या वाक्यापर्यंतच्या पायऱ्या मात्र मी घोटून घोटून घेतल्या. पायऱ्यांना गुण आहेत, तिथे मी तुमच्याच पंथाची.

आणि बीजगणिताच्या ४० गुणांच्या पेपरातला शेवटचा ३ गुणांचा प्रश्न जरा बघा. तिथे कधी कधी उदाहरण तयार करून सोडवायलाच सांगतात. अपेक्षितवाली मुलं नेमका तोच सोडून देतात.

मराठीच्या पेपरात तर ही बाजू आणखी भक्कम आहे. ८० पैकी २४ गुण उपयोजित लेखनाला आहेत. पाण्यासाठी वॉर्ड ऑफिसात खेटे घातलेल्या माणसाला तक्रारीच्या पत्राचा मजकूर गाइडमधून पाठ करायला लावायचा? त्याला विषय कुठे लिहायचा आणि ‘महोदय’ कुठे, एवढंच दाखवावं लागतं. मजकुराला तो कमी पडत नाही. उलट आवरावं लागतं.

तुमच्या बाजूने सांगायचं तर भूमितीतल्या सिद्धता मी सरळ पाठ करून घेते. तिथे नवीन काही रचत बसायला खरंच वेळ नाही. सराव पेपरांवरही माझा राग नाही. वाचत बसण्यापेक्षा स्वतःची चाचणी घेतली तर जास्त टिकतं, हे रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवलंय. पण नुसत्या वाचलेल्या शब्दांपेक्षा स्वतः तयार केलेले शब्द जास्त लक्षात राहतात, हेही स्लामेका आणि ग्राफ या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्येच दाखवलं होतं. दिवसाला दीडच तास असेल तर यातलं दुसरं सोडून देणं मला परवडत नाही.

तुम्ही स्वतः स्पर्धा परीक्षांना शिकवता असं लिहिलंय, म्हणजे २०२३ ची सुरुवात तुम्ही जवळून पाहिली असेल. एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक, म्हणजे पर्याय निवडण्याऐवजी उत्तरं लिहायची, होणार म्हटल्यावर पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली. नवा पॅटर्न २०२५ पासून लागू करा, अशी मागणी होती. मागणी रास्तच होती. वर्षानुवर्षं चारांतला एक गोल काळा करायची तयारी केलेल्याने एकदम पानभर स्वतःचं काय लिहायचं? पण त्या मुलांवर ही वेळ का आली, याचं उत्तर आपण क्लासवाल्यांनीही द्यायला हवं.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, सराव पेपर कधी सुरू करता. दिवाळीनंतर आठवड्याला एक, जानेवारीत एक दिवसाआड, घड्याळ लावून. सोडवलेल्या पेपरांचा संच पाठवतो म्हणालात, तो जरूर पाठवा. उत्तरं तेवढी वेगळ्या पाकिटात घाला, म्हणजे वर्गातल्यांच्या हाती लागणार नाहीत.