यंदा तिला 'कितवा नंबर आला' विचारू नका

गेले चार दिवस पुण्यात पाऊस उघडलेला नाही. भिडे पूल पाण्याखाली आहे, रिंकवर शेवाळ धरलंय, आणि आमच्या बी विंगमधली पोर रोज पहाटे पार्किंगमध्ये स्केट्स बांधून गोल गोल फिरतेय. गणपती झाले की जिल्ह्याची स्पर्धा, मग राज्य, आणि जमलं तर राष्ट्रीय. नवा सीझन तोंडावर आलाय म्हणून आत्ताच लिहितेय. स्पर्धा होऊन गेल्यावर हे लिहून काही उपयोग नाही.

तिचं नाव लिहीत नाही. पंधराची आहे ती. पोस्ट टाकायच्या आधी तिच्या आईला वाचून दाखवली आहे. कर्वेनगरात आमच्या आसपास राहणाऱ्यांना आणि रिंकवर येणाऱ्या पालकांना कळायचं ते कळेलच.

तिचा खेळ आर्टिस्टिक स्केटिंग. टीव्हीवर बर्फावर बघतो तेच फिगर स्केटिंग, फक्त चार चाकांच्या बुटांवर आणि साध्या फरशीवर. पुण्यात स्केटिंग म्हटलं की हेल्मेट घालून, कमरेत वाकून पळणारी मुलं डोळ्यांसमोर येतात. ते स्पीड स्केटिंग. ह्यात उडी मारायची, हवेत गिरकी घ्यायची, उतरायचं एका पायावर आणि तेही उलटं सरकत, आणि सगळं गाण्याच्या तालावर. आपल्या देशात ह्याचं कोणी काही केलंच नाही असंही नाही. २०१० साली ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत हैदराबादच्या अनुप कुमार यामा यांनी दोन ब्राँझ आणली, एक एकट्याचं आणि एक अवनी पांचाळ यांच्याबरोबर जोडीत. पुढे त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. ही नावं आपल्याला माहीत नसतात, मला तरी कुठे होती? तिनेच सांगितली.

बारा वर्षांची असताना ती राज्यात दुसरी आली होती. गेटवर फ्लेक्स लागला, पेढे वाटले गेले, गणपतीच्या कार्यक्रमात तिला स्टेजवर बोलावलं. त्यानंतरच्या दोन वर्षांत ती पाच इंच वाढली, आणि उड्या गेल्या.

हे 'उड्या गेल्या' म्हणजे काय ते मला आधी कळत नव्हतं. मला वाटायचं, सराव कमी पडला असेल, अभ्यास वाढला असेल, मोबाइल आला असेल. एकदा तिच्या सरांनी रिंकच्या कट्ट्यावर बसून समजावलं. अंग जितकं आटोपशीर तितकी गिरकी वेगात होते. हातपाय लांबले की तेवढ्याच जोराने उडी मारली तरी गिरकी सावकाश होते. जमीन तेवढ्याच वेळात पायाखाली येते, पण गिरकी पाव फेरा अपुरी राहिलेली असते. मग घोटा मुरगळतो नाहीतर माणूस आडवं होतं. तिच्या ॲक्सेल नावाच्या उडीचं हेच झालं. बाकीच्या उड्या उलटं सरकत मारतात, ॲक्सेल एकटीच तोंड पुढे करून मारायची असते, त्यामुळे तिच्यात अर्धा फेरा जास्त. १८८२ साली व्हिएन्नात ॲक्सेल पॉलसन नावाच्या नॉर्वेच्या माणसाने ती पहिल्यांदा मारली, तिचं नाव त्याच्यावरून पडलं. आमच्या पोरीला ही उडी अकराव्या वर्षी यायची. चौदाव्या वर्षी येईना. त्यात पाय वाढले म्हणून बूट बदलले, बुटाखालची चाकांची प्लेट बदलली. त्या प्लेटला चाकं जोडणारे ट्रक किती सैल, किती घट्ट ठेवायचे ह्यावर वळण ठरतं, ते सगळं पहिल्यापासून जुळवायचं. शिकलेलं विसरली असं नव्हतं हो ते. जे शरीर शिकलं होतं, ते शरीरच राहिलं नव्हतं.

आता माझी चूक सांगते. मागच्या वर्षी राज्यस्पर्धेच्या आदल्या दिवशी ती जिन्यात भेटली. मी तिचा गाल धरून म्हटलं, "यंदा मेडल नक्की हं बाळा, फ्लेक्सची जागा रिकामी ठेवलीय आम्ही." मी हे मायेनेच म्हटलं होतं. ती हसली, "हो काकू" म्हणाली आणि गेली. तिथे तीनदा पडली. शेवटून दुसरी आली. तिच्या आईने नंतर सांगितलं की परत आल्यावर दोन-अडीच महिने ती लिफ्टने आली-गेली नाही. पाचवा मजला, दुखरा घोटा, पाठीवर स्केट्सची जड बॅग, आणि पोर जिन्याने चढत होती. का, तर लिफ्टमध्ये कोणीतरी भेटतं आणि विचारतं, "काय मग, कितवा नंबर?"

तिच्यावर माया करणारी आम्हीच माणसं. आणि आमच्यापासून तोंड चुकवायला ती पाच जिने चढत होती. हे कळलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग मी तिच्याबरोबर हा खेळ बघायला लागले. संध्याकाळी ती तासभर माझ्याकडे येते, मी भाजी निवडते आणि आम्ही यूट्यूबवर स्पर्धा बघतो. बर्फावरची ज्युनियर ग्रां प्री, म्हणजे लहान वयाच्या खेळाडूंची स्पर्धामालिका, तिथे फुकट दिसते. सीझन १ जुलैला सुरू होतो, मार्चमध्ये जागतिक स्पर्धा होते, हे मला आता कॅलेंडर न बघता सांगता येतं. तिच्यामुळेच मला शोमा उनो कळला, आणि मला जे म्हणायचंय ते त्याच्यापाशीच आहे.

शोमा उनो जपानचा. २०१८ च्या ऑलिंपिकमध्ये रौप्य. २०१९ च्या उन्हाळ्यात त्याने लहानपणापासूनच्या प्रशिक्षक सोडल्या आणि नव्या सीझनला कोणीच प्रशिक्षक नसताना उतरला. नोव्हेंबरमध्ये फ्रान्समध्ये ग्रनोबलला ग्रां प्री होती. तिथे तो पडला. उठला, पुन्हा पडला. ऑलिंपिकचं रौप्य गळ्यात घातलेला मुलगा शेवटी आठवा आला. ह्या खेळात स्केटिंग झालं की खेळाडू आणि प्रशिक्षक एका बाकावर बसून गुणांची वाट बघतात. 'किस अँड क्राय' म्हणतात त्या जागेला. त्या बाकावर तो एकटा बसला होता. शेजारची जागा रिकामी. आणि प्रेक्षक टाळ्या वाजवायचे थांबेनात. त्याचं नाव घेऊन हाका मारत होते. परका देश, परकी माणसं, त्यांच्या देशाचा खेळाडूही नव्हे, जिंकलेलं तर काहीच नव्हतं. तो रडायला लागला.

मी ती क्लिप किती वेळा बघितली असेल, मोजलेलं नाही. भाजीची सुरी हातात तशीच राहायची. मला सारखं वाटत राहिलं की हे लोक नेमकं काय करतायत? ते 'पुढच्या वेळी नक्की' म्हणत नव्हते. 'तू आमचा अभिमान आहेस' पण नाही, तेही एक ओझंच आहे. तू आत्ता बर्फावर होतास, आम्ही इथे होतो, आम्ही तुला बघितलं, एवढंच ते सांगत होते.

पुढची गोष्टही सांगते, पण ती वेगळी ठेवून. स्वित्झर्लंडचे स्तेफान लाम्बिएल त्याचे प्रशिक्षक झाले, डिसेंबरमध्ये तो जपानचा विजेता झाला, त्यात दुसरा युझुरु हान्यू होता, दोनदा ऑलिंपिक जिंकलेला, आणि २०२२ आणि २०२३ अशी सलग दोन वर्षं शोमा जगज्जेता झाला. वेगळी का ठेवली? कारण ही गोष्ट अशी जोडून सांगितली की लोक म्हणतात, बघा, टाळ्या वाजवल्या म्हणून जिंकला. ग्रनोबलच्या लोकांना २०२२ माहीत नव्हतं. ते उद्याच्या मेडलची आगाऊ रक्कम भरत नव्हते. तो पुढे कधीच जिंकला नसता तरी त्या टाळ्यांची किंमत तेवढीच राहिली असती.

न जिंकता परत आलेल्यांच्याही गोष्टी आहेत आणि मला त्या जास्त जवळच्या वाटतात. अमेरिकेची ग्रेसी गोल्ड, २०१६ च्या जागतिक स्पर्धेत पहिल्या दिवशी पहिली आणि शेवटी चौथी. पुढे नैराश्य, खाण्याचे विकार, उपचार. २०२० मध्ये ती राष्ट्रीय स्पर्धेत बारावी आली आणि सगळं सभागृह उभं राहिलं. बारावीसाठी! जपानच्या माओ असादाचं तर माहीत असेलच काहींना. २०१४, सोचीचं ऑलिंपिक. पहिल्या दिवशी सगळं बिघडलं, सोळावी. देशाच्या एका माजी पंतप्रधानांनी जाहीरपणे म्हटलं की ही मोक्याच्या वेळी नेहमी पडते. दुसऱ्या दिवशी ती आयुष्यातलं सगळ्यात सुंदर स्केटिंग करून गेली, त्या दिवसापुरते तिसऱ्या क्रमांकाचे गुण, आणि एकूण सहावी. मेडल नाही. आमची पोर ते बघताना श्वास रोखून बसते, दर वेळी. ती मेडल कोणाला मिळालं हे विचारतसुद्धा नाही.

आता ह्यावर आमच्याच सोसायटीतल्या एका सद्गृहस्थांनी मला ऐकवलं की हे सगळे लाड आहेत. खेळ आहे तर हार-जीत आहे, निकाल विचारायचा नाही तर उतरायचंच कशाला? आणि दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात, त्याचा विचार नको का? मी त्यांचं म्हणणं झटकून टाकत नाही. आईबापांनी चाकांना, बुटांना, फीला किती पैसे घातलेत ते मला माहीत आहे. पण निकाल नको असं कोण म्हणतंय? निकाल तिला हवाच आहे. तुमच्या-माझ्यापेक्षा तिला जास्त हवाय. तिच्या वहीत रोजचा हिशेब आहे: किती उड्या, किती पूर्ण, किती पाव फेऱ्याने अपुऱ्या. सर तो बघतात, लाल शाईने खुणा करतात, रागावतातही. ते त्यांचं काम. तो हिशेब त्या दोघांचा आहे. त्या वहीत आपण सगळ्यांनी आपापलं बोट कशाला घालायचं? परीक्षक तिथे पाच-सहा बसलेलेच असतात, लिफ्टमध्ये सातवा नको.

आणि आपण 'पाठिंबा' म्हणून काय काय बोलतो ते जरा आठवून बघा. 'तू तर आमची स्टार', 'पूर्वी किती छान उडी मारायचीस', 'पुन्हा तशीच हो'. ती पुन्हा तशी होणार नाहीये. बारा वर्षांची, चार फूट आठ इंचांची मुलगी परत येत नसते. आत्ता जी आहे तिची उडी वेगळी असेल, कदाचित नसेलच. पण तिचं सरकणं आता काय झालंय ते कोणी बघितलंय का? लांब पायांची एक लय आलीय तिच्यात. ती नुसती वळते तेव्हासुद्धा बघत राहावंसं वाटतं.

ह्या वर्षी आम्ही काय केलं ते सांगते, कौतुकासाठी नाही, कोणाला आपल्या इमारतीत करता येईल म्हणून. रिंक उघडं आहे, पावसात बंद. ज्यांना छत आहे तिथल्या वेळा आणि फी झेपत नाही. तर तळमजल्यावरच्या काकांनी सुचवलं की पार्किंगचा मधला भाग पहाटे सव्वापाच ते साडेसहा रिकामा करू. तिथे उड्या मारता येत नाहीत, खांब आहेत, पण फिगर्स होतात. फिगर म्हणजे जमिनीवर आखलेलं वर्तुळ, त्या रेषेवरून चाकं बाजूला न जाऊ देता एका पायावर फिरायचं. 'फिगर स्केटिंग' हे नावच त्यावरून आलं. बर्फावरच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून हा प्रकार १९९० नंतर गेला, चाकांवर अजून आहे. सी विंगमध्ये गणिताचे निवृत्त सर राहतात. त्यांनी सुतळी आणि खडू घेऊन असं वर्तुळ काढलं की तिचे सर बघायला आले तेव्हा त्यांनी टेपने मोजलं आणि काही बोलले नाहीत. वॉचमनदादा पाच वाजता झाडून घेतात, कारण एवढासा खडा चाकाखाली आला तरी पोर पडते. तिच्या आईची सकाळची पाळी असते त्या दिवशी काका डबा भरून देतात. मी काय करते? मी पायरीवर चहा घेऊन बसते. पहिल्या आठवड्यात 'वा!', 'अरेरे!' असं तोंडातून निघायचं. आता सवय केलीय. पडली तरी बसते, उठली तरी बसते.

परवा संध्याकाळी नदीकाठी ढोल-ताशाचा सराव चालू होता, आवाज आमच्या खिडकीपर्यंत येत होता. भेंडी चिरता चिरता मी विचारलं, "जिल्ह्याला आम्ही बघायला आलो तर चालेल का गं?" ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "या. पण काकू, मी पडले तर डोळे बंद करू नका."

तर आम्ही सतरा जण जाणार आहोत. अजून कोणाला यायचं असेल तर मला फोन करा, तारीख पक्की झाली की सांगेन. बोर्ड, फ्लेक्स काही आणायचं नाही. डोळे उघडे ठेवायचे.

आणि बी विंगकरांनो, आज रात्री दहानंतर चौथ्या ते सातव्या खांबामधल्या गाड्या बाहेर लावायच्या आहेत, पाऊस असला तरी. दुचाक्यांसाठी ताडपत्री माझ्याकडे आहे, घेऊन जा. पहाटे कोणी खाली उतरलात तर तिला हाक मारू नका, ती मनात मोजत असते.