फोटो दुपारी दीडचा आहे, काका

आज आमच्या बिल्डिंगच्या रीडेव्हलपमेंटच्या ग्रुपवर एका काकांनी फोटो टाकला. विक्रोळीच्या कन्नमवार नगरातल्या आपल्याच प्लॉटवरचा. पहिल्या स्लॅबखाली सात-आठ माणसं प्लायवर आडवी झालेली. कुणाच्या तोंडावर गमछा, कुणाचं हेल्मेट उशाला. खाली ओळ : "आपलं पझेशन का लांबतंय ते बघून घ्या." त्यावर हसणाऱ्या तोंडांची ही रांग. एका ताईंनी लिहिलंय, "फुकटचा पगार."

फोटो पाठवलाय १ वाजून ३४ मिनिटांनी. जेवणाची सुट्टी असते हो तेव्हा! बँकेत 'लंच टाइम'ची पाटी लागली की आपण गपचूप बाकावर बसतो ना?

मी स्वतः २००९ पासून साइटवर आहे, आणि फोटो बघून आधी राग आला तो माझाच. डिप्लोमा होऊन दोन महिने झालेले, ठाण्यात एका साइटवर ज्युनियर. इंजिनियरचं पांढरं हेल्मेट नवंकोरं, त्यामुळे मानही जरा ताठच. दुपारी बारबेंडिंगच्या, म्हणजे सळया वाकवून बांधणाऱ्या गँगमधले एक मामा, देगलूरकडचे, असेच प्लायवर झोपलेले. मी बुटाने प्लाय ठोकला. हो, बुटाने. वर म्हणालो, "काय मामा, घरी आलात काय?" ते उठले, डोळे चोळले. उलटून काही बोलले नाहीत. "या सायब, एक दाखवायचंय" म्हणाले आणि जिना चढायला लागले.

ते पुढे सांगतो. आधी ज्यांनी हसऱ्या तोंडांवर बोट दाबलं त्यांच्यासाठी.

आठला हजेरी. हजेरीला वेळेवर पोचायचं तर पत्र्याच्या खोलीत पाचला उठून नळाला नंबर लावायचा, सकाळच्या भातातलाच दुपारचा डबा भरायचा. हजेरीनंतर सेफ्टीवाल्याचं भाषण, मग कामाला. उन्हात पडलेली सळई मे महिन्यात हातात धरून बघा एकदा. दहाला चहा, एकला जेवण, सहाला सुट्टी. कागदावर. स्लॅब भरायचा असला की सहा वाजतच नाहीत. १५० घनमीटरचा स्लॅब म्हणजे काँक्रीटच्या ६ घनमीटरच्या २५ गाड्या. गर्दीच्या वेळी जड गाड्यांना बंदी, मग काँक्रीट आणणारा मिक्सर अडकतो आणि पंप तोंड वासून उभा. मधेच थांबलं तर जोड पडतो, आणि तोच जोड पुढे तुमच्या हॉलच्या छतातून गळतो. म्हणून शेवटची गाडी रिकामी होईस्तोवर कुणी हलत नाही. मग दुसऱ्या दिवशी दुपारी माणूस झोपणार नाही तर काय गरबा खेळणार?

रात्री १० नंतर आवाज करायचा नाही हा नियम आहे, मान्य. आमच्या खिडकीखाली काँक्रीट बसवायचा व्हायब्रेटर चालला तर मीही शिव्याच देईन. आणि स्लॅबला टेकू दिलेल्या जॅकखाली झोपायचं नसतं, हेही बरोबर, माझ्या साइटवर मी त्यावरून रोज घसा फोडतो. पण त्या प्लॉटवर दुसरी सावली कुठे आहे ते दाखवा मला.

तर मामा. त्यांनी मला नेलं एका कॉलमपाशी. सकाळीच मी तपासून सही केलेला कॉलम! बीमच्या खालच्या टप्प्यात उभ्या सळयांभोवतीच्या रिंगा चार-चार इंचांवर पाहिजेत. मामांनी टेप मागितला नाही. दोन रिंगांच्या मधे मूठ ठेवली, तिच्यावर दुसरी मूठ ठेवली. दोन्ही मावल्या. रिंगांच्या टोकांचे हूकसुद्धा नव्वद अंशांवर सोडलेले. ते १३५ अंशांत आत वळवायचे असतात, म्हणजे भूकंपात बाहेरचं काँक्रीट फुटलं तरी रिंग उघडत नाही. हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. मामांनी पुस्तक पाहिलेलं नव्हतं. चारला शटर, म्हणजे काँक्रीटचा साचा, लागणार होतं, ते लागलं की आत काय आहे कोण बघतंय? "सकाळी सांगाया आल्तो सायब, तुमी फोनवर व्हता."

मी फोनवर होतो.

पझेशन लांबलंय, हो. माझंही लांबलंय, मीही तुमच्यासारखाच भाड्याच्या घरात आहे. पण आपली फाइल वर्षभर या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होती, तेव्हा एकानेही त्या टेबलाचा फोटो नाही टाकला. १९९६ साली कायदा झाला, बांधकामाच्या खर्चावर १ टक्का उपकर या लोकांसाठी घेतात. त्यातलं काही हाताला लागायचं तर बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणी हवी, नोंदणीला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला हवा. आणि दाखला देणारा ठेकेदार, गँग दुसऱ्या साइटवर गेली की फोन उचलत नाही. त्याच्यावर टाका की एखादं हसरं तोंड!

आळशी माणसं आमच्यात नाहीत असं नाही. मोबाइल घेऊन टाकीमागे बसणारे मीच रोज दोन-तीन हुडकून काढतो. झालं समाधान?

हे सगळं ग्रुपवर लिहिणार होतो. बायको म्हणाली, नको, काकांचं बायपास झालंय. तेही खरंय. पाडायच्या आधी आपल्या बिल्डिंगच्या गणपतीला मांडव हेच काका घालायचे, रात्र रात्र जागून. सकाळी आरतीपर्यंत खुर्चीतच घोरत असायचे, आणि आम्ही पोरं त्यांच्या अंगावर चादर टाकायचो.

त्या दिवशी कॉलमच्या रिंगा मामांनी आणि मी मिळून सोडल्या. मी मदत केली म्हणजे बाइंडिंगच्या तारेने बोटं कापून घेतली, एवढंच. वरच्या चार निघाल्या तेव्हा मी म्हणालो, चला, बाकीच्या पण लगेच घेऊ. मामांनी माझं मनगट धरून घड्याळ स्वतःकडे वळवलं.

"पावणेदोन झाल्यात. अजून पंधरा मिन्टं हायत माजी," म्हणाले, आणि खाली जाऊन परत त्याच प्लायवर आडवे झाले.