कंदिलाखाली अंधार

पावसाळ्यात टेकडीवर जाणाऱ्याने गुडघे शाबूत ठेवायचे असतील तर खाली बघू नये. खाली बघितलं की फूल दिसतं, फूल दिसलं की उकिडवं बसावं लागतं, आणि एकदा बसलं की नाव कळेपर्यंत उठवत नाही.

मला भाद्रपदात, बोरीच्या जाळीला लपेटलेली कंदीलपुष्पाची वेल दिसली. फूल बोटाच्या पेराएवढं. तळाशी फुगीर, मध्ये नळी, वर पाच पाकळ्यांनी टोकं जुळवून केलेलं झाकण. असलं फूल दुसरं असूच शकत नाही, म्हणून मी निर्धास्त होतो. पण कंदीलपुष्प हे नुसतं आडनाव निघालं. सह्याद्रीत या घराण्याची भाऊबंदकी दांडगी, आणि त्यातले कित्येक जण जगात दुसरीकडे कुठेच नांदत नाहीत. रुई सख्ख्यातली. हल्ली शास्त्रज्ञांनी करवंद आणि कण्हेरही याच कुळात आणून बसवलीत.

मोबाइलवरच्या अ‍ॅपने क्षणात निकाल दिला: दक्षिण आफ्रिकेतली, बदामी पानांची, बाल्कनीत टांगायची वेल. शंकेला जागाच नाही.

मग फोटो ग्रुपवर टाकला. तिथले सर वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. ते उत्तर देत नाहीत, प्रश्न देतात.

“वेल की ताठ उभी?” वेल.

“खोडावर लव?” चष्मा घरी.

“पानं रुंद की अरुंद?” हे मला येत होतं. ‘अरुंद’ असं ठणकावून लिहिलं. त्यावर कळलं, की सिरोपेजिया बल्बोसा या कंदीलपुष्पाच्याच एका जातीची पानं गोलसर असतात किंवा गवतासारखी अरुंद, दोन्ही चालतं. रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1795 मध्ये तिचं बारसं केलं, तरी पानांचं अजून ठरलेलं नाही. मग विचारलंत कशाला, सर?

“ठिकाण?” मी टेकडीचं नाव लिहायला घेतलं, तोच, “इथे लिहू नका! लोक कंद उकरून नेतात.” आणि लगेच पुढचा प्रश्न, “कंद कसा आहे?”

कंद जमिनीत आहे, सर. पाऊस सरला की वेल वाळून जाते आणि कंद उन्हाळाभर मातीत दडी मारून बसतो, म्हणून तर ही बया दरवर्षी उगवते. तो उकरायचा नाही, पण वर्णन मात्र करायचं.

एवढ्यात मेंढ्या घेऊन एक मामा आले. जाळीआड इतका वेळ बसलेला माणूस बघून त्यांनी आधी अदबीने तोंड फिरवलं. मी हाक मारल्यावर जवळ आले, फूल पाहिलं.

“खरपुडी हाय.”

“कुठली जात?”

“खायाची.”

हे मी ग्रुपवर कळवलं. सर ढिम्म. म्हणाले, “आतलं तोरण बघा, त्यावर बरंच ठरतं.” तोरण म्हणजे नळीच्या तळाशी, पुंकेसरांभोवती असलेलं नक्षीकाम. ते फूल उभं चिरल्याशिवाय धड दिसत नाही. पाठोपाठ संदेश आला: “फूल तोडू नका.”

मोबाइलचा उजेड पाकळ्यांच्या फटीतून आत सोडला. दिसले ते केस. वासाला भुललेली बारीक माशी त्यांच्यावरून खाली घसरते, पण केस खालच्या दिशेने वळलेले, त्यामुळे तिला परत वर चढता येत नाही. ते सुकले की अंगाला पराग चिकटवून बाईसाहेब सुटतात. म्हणजे माझ्या नाकासमोर, त्या कंदिलात, तोरणाला टेकून एखादी माशी मुक्कामाला असणार. सरांच्या प्रश्नाचं उत्तर तिला पाठ असेल. पण ती आमच्या ग्रुपवर नाही.