पोत्याची सीट

कोळंबीच्या सालांनी भरलेल्या पोत्याला माणसाएवढं भाडं पडतं, हे मला परवा मालवणात कळलं. "वास मारता म्हणजे एका मानसाची जागा गेलीच मां," असा सिक्स सीटरवाल्याचा हिशेब. दिलं. माझं एक, पोत्याचं एक. पोतं ऐटीत कडेच्या सीटवर बसलं. कुंभारमाठला एक आजोबा चढले, त्यांनी पोतं उचलून माझ्या मांडीवर ठेवलं आणि त्याच्या सीटवर बसले. गाडीवाल्याने त्यांच्याकडूनही भाडं घेतलं. पोत्यातल्या बर्फाचं पाणी माझ्या ओढणीवर ठिबकायला लागलं.

"आजोबा, या सीटचे पैसे भरलेत."

"कोणी?"

मी पोत्याकडे बोट दाखवलं. आजोबा पोत्याकडे बघत राहिले.

"काय आसा गो ह्यात?"

"कोळंबीची सालं."

"सुंगटांची सालां?"

"हो."

"आणि सुंगटां खंय?"

सुंगटं खानावळीत आलेल्या पर्यटकांनी खाल्ली होती. मागच्या दाराने डोकी आणि सालं मला मिळाली होती. तसं सांगितलं. आजोबांना ते पटेना. "त्येंनी सुंगटां खाल्ल्यानी, नि सालां तुका दिल्यानी? आणि तू घेतलंस?"

समोरच्या बाईंनी नाकावरचा पदर जरा खाली केला. "सार करूक नेतंस?"

"नाही हो. मी मासे खात नाही."

मालवण–कुडाळ रस्त्यावर चालत्या गाडीत हे वाक्य बोलू नये. गाडीवाल्याने आरशातून पाहिलं. मागच्या पोराने कानातली वायर काढली. आजोबा बोटं मोजायला लागले. "सुंगटां खाणस नाय. सालां घेतंस. भाडां भरतंस. वास सोसतंस. बापाशीक म्हायत आसा?"

वडिलांना माहीत आहे, आणि त्यांचंही मत साधारण हेच आहे. ते मी सांगितलं नाही. सांगितलं ते एवढंच, की या सालांपासून जखमेवर लावायची पारदर्शक फिल्म करता येते आणि मी त्यावर संशोधन करते. आजोबा म्हणाले, "कशी?" आणि चौके येईपर्यंत मी अडकले.

आता हे 'कशी' सोपं आहे, फक्त घाण वास मारणारं आहे. साल पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात टाकलं की फसफसतं आणि त्यातला चुन्याचा अंश निघून जातो. मग पातळ कॉस्टिक सोड्यात प्रथिनं जातात. मागे उरतं ते कायटिन. तेच चाळीस-पन्नास टक्के कॉस्टिकमध्ये तापवत ठेवलं की त्याचं कायटोसान होतं. कायटिन पहिल्यांदा सापडलं १८११ साली, ब्राकोनो नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाला, तेही अळंब्यांत. १८५९ मध्ये रूजे नावाच्या दुसऱ्या फ्रेंचाने ते पोटॅशमध्ये उकळून कायटोसानपर्यंत नेलं. बिचाऱ्यांना अळंबी शोधत हिंडावं लागलं. आमच्याकडे खाडीच्या काठी ढीगच्या ढीग पडलेले असतात, कुत्रीसुद्धा वळसा घालून जातात.

कायटोसान पातळ अ‍ॅसिटिक आम्लात विरघळतं, आणि विरघळताना त्याच्यावर धन प्रभार येतो. तांबड्या रक्तपेशींचा आणि बहुतेक जिवाणूंचा पृष्ठभाग ऋण प्रभाराचा. म्हणून ते रक्त धरून ठेवतं आणि जिवाणूंना त्रास देतं. इराक-अफगाणिस्तानात अमेरिकी सैनिकांकडे रक्त थांबवणाऱ्या ज्या पट्ट्या होत्या, त्यांतल्या एकीत कोळंबीच्या सालातलंच कायटोसान होतं. हे मी आजोबांना जरा अभिमानाने सांगितलं.

"मगे झालां मां काम. तू आता काय करतंस?"

हा प्रश्न मला यापूर्वीही विचारला गेला आहे. तेव्हा विचारणाऱ्यांच्या समोर काजूची बशी होती आणि माझ्या मांडीवर पोतं नव्हतं.

झालं नाही ते असं, की नुसत्या कायटोसानची फिल्म वाळली की कडक होऊन चिरते आणि ओली झाली की फुगून लिबलिबीत होते. जखम ओलीच असते. म्हणून फिल्ममध्ये कार्बनचे अतिसूक्ष्म पापुद्रे घालायचे. ग्राफीन म्हणजे पेन्सिलीतल्या ग्रॅफाइटचा एका अणूच्या जाडीचा थर. २००४ मध्ये मँचेस्टरच्या दोघांनी तो चक्क चिकटपट्टीने सोलून काढला आणि २०१० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. (चिकटपट्टी आमच्याकडेही आहे. स्टोअरमधून सही करून घ्यावी लागते.) मी वापरते ते त्याचं ऑक्साइड. सल्फ्युरिक आम्ल आणि पोटॅशियम परमँगनेट वापरून ग्रॅफाइटपासून ते करायची हमर्सची पद्धत १९५८ची आहे. या पापुद्र्यांवर ऑक्सिजनवाले गट असतात, पाण्यात त्यांना ऋण प्रभार येतो, त्यामुळे ते कायटोसानच्या साखळ्यांना घट्ट धरतात. शंभरात एक भाग घातला तरी पुरतो. २०१०च्या एका शोधनिबंधात तेवढ्यानेच फिल्मची ताणशक्ती दुपटीच्या वर गेली होती. हावरटपणा करून जास्त घातलं की पापुद्रे एकमेकांनाच चिकटून गुठळ्या होतात आणि फिल्म नेमकी गुठळीपाशी तुटते.

यातलं बरंचसं मी गाळून, हातवारे करून सांगितलं. आजोबांनी तंबाखू मळता मळता ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे भिंतीच्या मातयेत पेंढो घालतत तसां. पेंढो कमी पडलो तर भिंत फुटता, जास्त झालो तर माती धरणा नाय."

या दोन वाक्यांसाठी मी स्लाइडवर स्लाइड खर्च केलेल्या आहेत. रंगीत बाण आहेत, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची चित्रं आहेत. खरं सांगायचं तर मला आनंद झाला नाही, रागच आला. निदान माझ्या पोत्याच्या सीटवर बसून तरी त्यांनी ते बोलायला नको होतं.

तेवढ्यावर थांबतील तर आजोबा कसले? "आणि तां काळां रगतात गेलां तर?"

गाडीतले सगळे माझ्याकडे बघायला लागले. आता यावर काय सांगायचं? कार्बनच्याच लांब, ताठ, अतिसूक्ष्म नळ्या उंदरांच्या पोटातल्या आवरणापाशी सोडल्या तर अ‍ॅस्बेस्टॉससारखी सूज येते, असं २००८ मध्ये दिसलं. ग्राफीन ऑक्साइड म्हणजे नळ्या नव्हेत, पण त्याचंही किती, केवढ्या आकाराचं, फिल्ममधून सुटतं की आत धरून राहतं, हे दर वेळी तपासावंच लागतं. मी म्हटलं, "तेच तपासतोय, आजोबा."

"म्हणजे अजून म्हायत नाय."

"सगळं नाही."

"मगे बरां," ते म्हणाले, आणि धोतर वर करून पाय पुढे केला. घोट्याच्या वर रुमाल बांधलेला. "माका डायबिटीस आसा. ही बरी जायत नाय. तपासूचा आसा तर ह्येच्यार तपास. आसा काय जवळ?"

नव्हती. असती तरी लावता आली नसती. जखमेवरची पट्टी हे कायद्याने वैद्यकीय उपकरण आहे, २०१७चे नियम आहेत, आधी पेशींवर, मग प्राण्यांवर, मग समितीच्या परवानगीने माणसांवर. हे सगळं योग्यच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. मी त्यांना सरकारी दवाखान्यात पाय दाखवायला सांगितलं. ते म्हणाले, "दाखवलंय. रुमाल तेंनीच बांधलो." मला ते खरं वाटत नाही.

तक्रार आहे ती वेगळीच. फिल्म किती ताण सोसते हे मोजायला एक यंत्र लागतं. दोन जबड्यांत पट्टी धरायची आणि तुटेपर्यंत ओढायची, एवढंच. ते आमच्याकडे नाही. म्हणून मी फोंडा घाट चढून कोल्हापूरला जाते. कायटोसान हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळे इथली फिल्म तिथल्या कोरड्या हवेत नेली की आधी ठरावीक आर्द्रतेत ठेवून द्यावी लागते, नाहीतर आकडे भलतेच येतात. पावसाळ्यात तर ती डिशमध्ये वाळता वाळत नाही. मासेमारीबंदीच्या दिवसांत, जून-जुलैत, ट्रॉलर बंद, ताजी कोळंबी कमी, सालं कमी. आणि एरवी समुद्र आमचा, सालं आमची, उकिरड्याची दुर्गंधी आमची, आणि प्रयोगशाळेच्या कपाटातली कायटोसानची बाटली मात्र पार्सलने येते. प्रस्तावात 'स्थानिक संसाधनांचा वापर' असं लिहिलं की सगळ्या माना डोलतात. पोतं आणायला गाडी मागितली की त्याच माना दुसरीकडे वळतात.

धामापूरला आजोबा उतरले. खाली उभे राहून, गाडी सुरू असताना, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "एवढां शिकान सालां येचतंस गो! मरांदे. माझ्या सुनेक सांगतंय, फेकू नको म्हणान. येवन घेवन जा." समोरच्या बाई हसल्या. मागचं पोरगं हसलं. गाडीवाला तर इतका हसला, की त्याने काळसे येईपर्यंत हॉर्न वाजवला नाही.

कॉलेजात पोहोचले तर टेबलावर खर्चाचा कागद परत आलेला. लाल शाईत शेरा: 'कोळंबीची सालं – तीन कोटेशनं जोडावीत.' फुकट मिळणाऱ्या कचऱ्याची. आजोबांच्या सुनेचं एक मिळेल. खानावळवाल्याला विचारते, पण तो लेटरहेड कुठून आणणार?