सेकंदाला १० क्लिक आणि तालमीचा चुकीचा दाखला

कोल्हापुरातल्या महाविद्यालयीन मुलांच्या व्हॉट्सॲप गटांतून सध्या एक संदेश फिरतो आहे. माऊसचे सेकंदाला १० क्लिक झाल्याशिवाय गेम जिंकता येत नाही. हा वेग एका सेकंदाच्या चाचणीत मोजावा. तो वाढवण्यासाठी रोज अर्धा तास 'जिटर क्लिकिंग' करावे, म्हणजे हात आणि मनगट ताठ करून, त्या कापऱ्याने बटण झपाझप दाबावे. आणि हात दुखला तरी थांबू नये, कारण तालमीत अंग दुखल्याशिवाय पैलवान घडत नाही, असे त्यात म्हटले आहे.

पहिला मुद्दा बहुतेक खेळांना लागूच पडत नाही. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीत २०१६ साली १.९ हा बदल आल्यापासून एका वारानंतर तलवारीचा पूर्ण जोर परत यायला सुमारे ०.६ सेकंद लागतो, म्हणजे त्याआधी केलेले क्लिक वार उलट कमकुवत करतात. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक या गोळीबाराच्या खेळांमधली बहुतेक रायफल तर बटण दाबून धरले की आपोआप चालते.

मोजण्याची पद्धत अधिक फसवी आहे. अनेक चाचण्यांत घड्याळ पहिल्या क्लिकबरोबर सुरू होते आणि तो क्लिकही गणतीत धरला जातो. समजा, दोन क्लिकांमध्ये कोणाला १६० मिलिसेकंद लागतात. त्याचा खरा वेग सेकंदाला ६.२५ आहे. एका सेकंदाच्या चाचणीत त्याचे ७ क्लिक भरतील, तर १० सेकंदांच्या चाचणीत ६३, म्हणजे सेकंदाला ६.३. शिवाय बोट थकल्यावर वेग किती टिकतो, हे एका सेकंदात कळतच नाही. माऊस जुना असेल तर आणखी एक शंका घ्यायला हवी: बटणाखालच्या स्विचची पट्टी झिजली की एका दाबात दोन क्लिक नोंदले जातात, आणि बिघाडालाच प्रगती समजले जाते.

सर्वांत घातक आहे तो तालमीचा दाखला. ज्या गावात शाहू महाराजांनी खासबागेचे कुस्तीचे मैदान उभारले, त्या गावात तरी हे सांगावे लागू नये की, वस्ताद जोर-बैठकांइतकीच विश्रांती, मालिश आणि खुराक यांकडे लक्ष देतो, आणि सांधा धरला की पैलवानाला आखाड्याबाहेर बसवतो. मेहनतीने भरून आलेली मांडी आणि मनगटातून बोटांकडे जाणाऱ्या मुंग्या या एकाच जातीच्या वेदना नाहीत. मनगटाच्या अरुंद बोगद्यातून स्नायूबंधांसोबत (स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोरांसोबत) एक मज्जातंतूही जातो. त्याच्यावर दाब आला की अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधिर होऊ लागते. स्नायूबंधांना रक्तपुरवठा कमी असल्याने त्यांची इजाही सावकाश भरते. जिटर क्लिकिंगमध्ये हात मुद्दाम आखडून कापरा केला जातो, त्यामुळे रोजचा अर्धा तास हा सराव न राहता झीज ठरतो.

वेग वाढवायचाच असेल तर हात मेजावर सैल टेकवून, बोट बटणापासून फारसे न उचलता, १० सेकंदांचे चार-पाच प्रयत्न मध्ये पुरेशी विश्रांती घेऊन करावेत आणि त्यांची सरासरी लिहून ठेवावी. बोटांत मुंग्या आल्या तर त्याच क्षणी माऊस बाजूला ठेवावा, आणि दुसऱ्या दिवशीही त्या राहिल्या तर डॉक्टरांना हात दाखवावा.